बॅरेक नंबर, खोली नंबर

उल्हासनगरात कुणालाही पत्ता विचारा, तो लष्करी हिशेबानंच सांगितला जातो. बॅरेक नंबर अमुक, खोली नंबर तमुक, कॅम्प नंबर तीन. ब्लॉक आणि सेक्शन हे शब्द तर भाजीवाल्याच्याही तोंडी बसलेत. दुसरं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, छावणी कधीच उठली, पण पोस्टमनच्या पिशवीतल्या पाकिटांवर ती अजून आहे.

संपादकांनी यंदा 'परवडणारं घर' हा विषय दिला. नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती वाचकांना पाठ आहेत, त्या सोडा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. जे स्वस्त घर आज उभं आहे, त्यात माणसं राहताहेत, ते टिकवायला सरकार पैसे देतं का आणि दिले तर ते पोचतात कसे, एवढंच बघून या, म्हणाले. म्हणून पाऊस ओसरल्यावर मी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हिंडलो. सोबत एक वही आणि एक साधा प्रश्न होता: छप्पर गळतंय, तर अर्ज कुठे करायचा?

एका बॅरेकीचं छप्पर

महायुद्धाच्या काळात इथं 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प' होता. पुढच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांचा हा मधला मुक्काम. साधारण १३ चौरस किलोमीटरच्या माळावर २,१२६ बॅरेकी उभ्या केल्या होत्या. मधोमध मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेकींची रचना. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर माणसांना सरकारनं या रिकाम्या बॅरेकींत उतरवलं. गोणपाट आणि चादरी टांगून एका हॉलमधले संसार वेगळे केले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं.

सैनिकांनी काही महिने काढावेत म्हणून बांधलेल्या या निवाऱ्यात आज तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. मी एका बॅरेकीसमोर बराच वेळ उभा राहिलो. मूळचं छप्पर एकच, लांबलचक, दोन्ही बाजूंना उतरतं. आता त्याचे तुकडे झालेत. तीन खोल्यांवर जुनी कौलं, दोन खोल्यांवर निळा पत्रा, एकीवर ताडपत्री आणि तिच्यावर टायर. शेवटच्या खोलीवाल्यानं आपल्या वाटचं छप्पर उतरवून पक्का स्लॅब टाकलाय, वर आणखी एक मजला चढवलाय. त्या स्लॅबचं पाणी थेट शेजारच्या कौलांवर पडतं. कौलांखालची लाकडी कैची एका बाजूनं तोडलेली असल्यानं तिचा भार उरलेल्या भिंतीवर आलाय. भिंतीला पडलेली चीर आत असलेल्या बाईंनी मला बोटानं दाखवली. वरून निघालेली ती चीर थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आली होती. दर पावसाळ्यात त्या तिच्यात सिमेंट भरतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते.

बाई जीन्सचे धागे कापत बसल्या होत्या. कारखान्यातून गठ्ठे येतात, शिलाईचे सुटलेले धागे छोट्या कात्रीनं कापायचे, नगावर पैसे. गठ्ठे ठेवायला दाराबाहेरची मोकळी जागा लागते, म्हणून तिथंही पत्रा टाकलाय. राहण्याची आणि कमाईची जागा अशी एकाच उंबऱ्यावर आलेली. याच शहरात पापड लाटून, गोळ्या-बिस्किटं विकून निर्वासितांनी धंदे उभे केले, तेही अशाच दारांत. या घरांची किंमत ठरवताना चौरस फूट मोजले जातात. दारातली ही कमाई कुणी मोजत नाही.

शेजाऱ्याशी भांडण झालं नाही का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्यानं तरी काय करावं, त्याच्याकडे पैसे आले तेव्हा त्यानं बांधलं. सगळ्यांकडे एकाच वेळी पैसे कधी येणार?

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

अडीच लाखांचा प्रवास

शहरी भागात मोडक्या घरासाठी सरकारकडून मिळणारी मुख्य मदत म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना. २५ जून २०१५ ला ती सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती चालू आहे. तिचा जो घटक अशा वस्त्यांच्या कामाचा, तो म्हणजे लाभार्थ्यानं स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे, तिचीही शहरातली रक्कम अडीच लाखच. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या सुभाष टेकडीसारख्या वस्तीत हे दुसरं नाव अधिक ओळखीचं.

हा पैसा एकदम मिळत नाही. घरासमोर माणूस उभा करून फोटो काढतात आणि त्या फोटोला नकाशावरचं ठिकाण चिकटवतात. याला जिओ टॅगिंग म्हणतात आणि आता हा शब्द गवंड्यालाही पाठ आहे. जोतं झालं की एक फोटो, लिंटेलपर्यंत भिंती आल्या की दुसरा, स्लॅब पडला की तिसरा, रंग-दारं झाली की शेवटचा. फोटो मंजूर झाला की हप्ता खात्यात. घर घरच्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर लागतं. हे नियम फार चांगले आहेत. पैसा दारूत किंवा लग्नात जात नाही आणि घरावर बाईचा हक्क राहतो.

पण पहिला हप्ता जोतं झाल्यावर येतो. म्हणजे जुनं घर पाडायचं, भाड्याची खोली बघायची, तिची अनामत भरायची, पाया खणायचा, हे सगळं आधी पदरच्या पैशानं. पदरी पैसे नसतात म्हणून तर अर्ज केलेला असतो. मग बचत गटाचं कर्ज निघतं, नाहीतर सोनं गहाण पडतं. शिवाय ३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे फुटांचं घर. बांधकामाचा दर फुटाला दोन हजार धरला तर साडेसहा लाखांच्या आसपास जातं. सरकारचे अडीच वजा केले तरी चार लाख उरतात. ज्यांच्याकडे एखादा पगारदार मुलगा आहे त्यांची घरं उभी राहिलेली मी पाहिली आणि त्यांचा आनंदही पाहिला. एका घरात नव्या मोरीच्या फरश्या दाखवायला मला आतपर्यंत नेलं. ज्यांच्याकडे असा मुलगा नाही, त्यांची जोती गवतात उभी आहेत.

बॅरेकीत ही योजना आणखी एका कारणानं अडते. ती घर ओळखते, बॅरेक ओळखत नाही. सात खोल्यांच्या छपरातली एक खोली मंजूर झाली तर त्या खोलीवाल्यानं आपल्या वाटची कैची उतरवायची, आणि बाकी सहा जणांच्या भिंती उघड्या पडायच्या. स्लॅबवाल्याला सरकारनं मदत केली असती तरी शेजारची ती चीर पडलीच असती.

दुसऱ्या टोकाला समूह पुनर्विकास. शेकडो घरं पाडून मनोरे उभे करायचे आणि जुन्या रहिवाशांना त्यातल्या सदनिका द्यायच्या. त्यात पैसा बिल्डरचा असतो आणि गणित विक्रीच्या सदनिकांवर असतं. सातव्या मजल्यावर जीन्सचे गठ्ठे कोण चढवणार? खोलीला मदत आहे, मनोऱ्याला योजना आहे. या दोहोंच्या मधली, एका छपराखालच्या सात कुटुंबांची जी बॅरेक, तिच्यासाठी अर्ज करायचा रकानाच नाही.

सनदेच्या आतलं आणि बाहेरचं

जागेचा कागद हा सगळ्या योजनांचा उंबरठा. उल्हासनगरचे कागद राज्यातल्या इतर शहरांसारखे नाहीत. निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा १९५४ साली झाला. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून मंजूर रक्कम ठरवायची आणि इथल्या खोलीची किंमत त्यातून वळती करायची, असा व्यवहार होता. ज्यांचा दावा नव्हता, त्यांनी पैसे भरून खोली घेतली. त्याबदल्यात मिळालेला मालकीचा कागद म्हणजे सनद. जुन्या घरांत तो गाद्यांखालच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, लॅमिनेशन करून जपलेला असतो.

सनद आजोबांच्या नावाची असते. आजोबांना चार मुलगे, त्यातला एक इंदूरला, एक परदेशात. वारसनोंद झालेली नाही, कारण भाऊ-भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवून जगले. आता अनुदानाच्या अर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात. काही ठिकाणी खोली मधल्या काळात विकली गेली, तीही साध्या करारावर. आणि सनद फक्त मूळ खोलीची असते. बॅरेकींच्या मधली मोकळी जागा सरकारची राहिली होती. कुटुंब वाढलं तसं प्रत्येकानं पुढे-मागे दहा-दहा फूट घेतले. आज घराचा अर्धा भाग सनदेत आणि स्वयंपाकघर सनदेबाहेर, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मोजणीला आलेला माणूस टेप धरतो तेव्हा ती रेघ कुठेतरी चुलीजवळून जाते.

याच मोकळ्या जागांवर आणि पाडलेल्या बॅरेकींवर पुढे मजले चढले. प्रकरण न्यायालयात गेलं, ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि २००६ साली राज्य सरकारनं एका शहरापुरता वेगळा कायदा करून दंड भरून बांधकामं नियमित करण्याची वाट काढली. वाट निघाली, पण तिच्यावरून फार थोडे चालले. दंड मोठा, कागद अपुरे, आणि पाडणार नाहीत ही मनातली खात्री. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत ७ माणसं गेली. नव्वदच्या दशकात घाईनं, निकृष्ट मालानं उभ्या राहिलेल्या बांधकामांचा प्रश्न त्यानंतर पुन्हा वर आला आणि नोटिसा निघाल्या. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायचीच.

यादीत आपली इमारत आल्याचं कळल्यावर माणूस पहिल्यांदा काय विचारतो? पडेल का, हे तो विचारत नाही. बाहेर पडलो तर परत येऊ देतील का, हे विचारतो. इमारतच अधिकृत नसेल तर पाडल्यावर त्याचा हक्क कशावर उभा राहणार? म्हणून तो नोटीस मोडून आतच राहतो. बाहेरून हा हटवादीपणा वाटतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

स्टॅम्प पेपरची चाळ

अंबरनाथला सनद नाही, बॅरेकही नाही. शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली बांधलेलं शिवमंदिर, त्याच्या पायथ्याशी वालधुनी नदी, आणि आगपेटीच्या, दारूगोळ्याच्या, रसायनांच्या कारखान्यांवर वाढलेलं कामगारांचं गाव. कामगारांना परवडली ती बैठी चाळ. कुणाच्या तरी सातबाऱ्यावर दहा खोल्यांची ओळ, आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीच्या सहीनं खोलीची विक्री. घरपट्टी लागते, विजेचं बिल नावावर येतं, रेशनकार्ड होतं. जमीन मात्र सातबाऱ्यावर मूळ मालकाचीच. आवास योजनेच्या खिडकीवर हे दहा-वीस वर्षांचे कागद मांडले की उत्तर एकच मिळतं: जागेचा उतारा आणा.

घर माझं, जमीन दुसऱ्याची, हे इथून पुढे प्रत्येक ठिकाणी मला पुन्हा भेटत राहिलं.

बदलापूरच्या पलीकडची वाडी

बदलापूर स्टेशनाला उतरून कात्रपच्या सदनिकांची गर्दी मागे टाकली आणि नगरपालिकेची हद्द ओलांडली की डोंगराच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. उरलेले दोन कोलाम आणि माडिया गोंड. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या 'पीएम जनमन' अभियानात अशा कुटुंबांना घरासाठी दोन लाख रुपये आहेत. पैसा आहे, यादीही आहे. कुडाच्या भिंतींची, वर प्लास्टिक ओढलेली घरं समोर आहेत.

अडचण परत जमिनीची. रायगड-ठाण्यातल्या कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी खासगी जमिनीवर आहेत. मालकाच्या शेतावर, वीटभट्टीवर राबायचं आणि त्याच्याच बांधाला झोपडं घालायचं, ही जुनी रीत. कुळकायदा १९४८ चा. शेतमजुराला त्याच्या राहत्या घराच्या जागेवरून हुसकावता येणार नाही, असं संरक्षण त्यात आहे. पण ते संरक्षण दाखवायला तहसील कार्यालयात उभं राहावं लागतं, आणि दिवाळीनंतर वाडीतली निम्मी माणसं वीटभट्टीवर निघून गेलेली असतात. भूमिहीनांना घरकुलाची जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजनाही राज्यात आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी ५० हजार आणि पुढे वाढवून १ लाख रुपये. मुंबईहून लोकल थेट येते त्या बदलापूरच्या परिसरात एक लाखात ५०० फूट कोण देईल?

वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं जमीन कोणाची, या प्रश्नावर डोंगराकडे हात केला. मग सावरून मालकाचं नाव सांगितलं. आधीचं उत्तरच मला खरं वाटलं.

सायनच्या अलीकडे एक मंडळ आहे

परवडणारी जुनी घरं सरकारी पैशानं दुरुस्त करायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गिरणगावच्या, गिरगावच्या चाळी साठच्या दशकात कोसळू लागल्या तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ साली मुंबईसाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर लावायचा, त्यात सरकारनं भर घालायची आणि त्या पैशातून तुळया, जिने, संडास, छपरं दुरुस्त करायची. सुरुवातीला १९,६४२ इमारती या छत्राखाली आल्या. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झालं.

मंडळात दोष भरपूर आहेत. टेकू वर्षानुवर्षं तसेच राहतात, संक्रमण शिबिरांत माणसांचं आयुष्य सरतं, आणि २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले. तरीही एक गोष्ट या कायद्यानं बरोबर ओळखली: दुरुस्तीचं एकक इमारत असतं. भाडेकरूला मालकीचा उतारा आणायला कुणी सांगत नाही. तुळई कुजली आहे ना, मग बदलायची. पण या मंडळाचं राज्य कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत. रेल्वे तिथून पुढे येते, गिरण्या बंद पडल्यावर कामगारही पुढे आला, कायदा मात्र सायनलाच उतरला.

घर माझं, जमीन दुसऱ्याची, हा पेच अमेरिकेतही आहे. कारखान्यात बनून ट्रकवरून येणारी स्वस्त घरं तिथं एका आवारात ओळीनं लागतात. घर राहणाऱ्याचं, जमीन आवाराच्या मालकाची, आणि तिला दरमहा भाडं. नावाला चाकं असली तरी घर हलवणं फार महाग, म्हणून गुंतवणूकदार आवार विकत घेऊन भाडं वाढवतात तेव्हा माणूस अडकतो. तिथल्या केंद्र सरकारनं अशा वस्त्या टिकवण्यासाठी २२.५ कोटी डॉलरचं अनुदान जाहीर केलं. ते सांडपाण्याच्या वाहिन्यांना, मोडक्या घरांच्या बदलीला आणि रहिवाशांनी एकत्र येऊन जमीन घ्यायलाही वापरता येतं. यातलं शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. न्यू हॅम्पशर राज्यातल्या मेरेडिथ गावी १९८४ मध्ये १३ कुटुंबांनी कर्ज काढून आपल्या पायाखालची जमीन सहकारी संस्थेच्या नावे घेतली आणि तिथून ही चळवळ वाढली. तेरा कुटुंबं म्हणजे आपल्याकडच्या दोन बॅरेकी. आणि सहकारी संस्था काय असते, हे महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मागणी

परतीच्या वाटेवर मी पुन्हा त्या बॅरेकीपाशी थांबलो. सगळ्यांकडे एकाच वेळी पैसे कधी येणार, हा बाईंचा प्रश्न वहीत होता. त्याचं उत्तर सरकारला देता येतं. अनुदान बॅरेकीला द्या. सात खोल्यांची एक नोंदणीकृत संस्था, एक छप्पर, एक अंदाजपत्रक, एकाच उन्हाळ्यात काम, आणि पहिला हप्ता खोदाईच्या आधी. मुंबईच्या दुरुस्ती मंडळाचा अधिकार उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत आणा, नाहीतर इथल्यासाठी वेगळं मंडळ करा. बॅरेकींमधल्या जागेची एकदा सलग मोजणी करून ती त्या त्या बॅरेकीच्या नावे लावा. वाड्यांच्या घरठाणाची नोंद माणसं भट्टीवरून परतण्याच्या हंगामात, वाडीतच शिबिर लावून करा. यातल्या कुठल्याच गोष्टीला मनोऱ्याइतका पैसा लागत नाही.

आणि हा अंक उल्हासनगरातल्या कुणाच्या हाती पडला असेल तर एक विनंती. आजोबांच्या सनदेचं लॅमिनेशन पुरेसं नाही. या दिवाळीला भाऊ-बहिणी घरी येतील, तेव्हा फराळ झाल्यावर ती पेटी उघडा, वारसांची नावं एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि सुटी संपली की वारसनोंदीचा अर्ज करून पोचपावती घ्या. भाऊ परदेशातून पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.